लिशियाच्या किनाऱ्यानें

आशियामायनरच्या नैर्ऋत्य कोपऱ्यांत, ऱ्होड्स बेटाच्या पूर्वेस, एक डोंगराळ द्वीपकल्प भूमध्यसमुद्रांत पुढें सरकलेलें आहे. त्याच्या पश्चिमेस फेतिये हें बंदर आणि पूर्वेस अंतालिया हें मोठें शहर. या दोहोंच्या मध्यें टॉरस पर्वताच्या रांगा थेट पाण्याला येऊन भिडलेल्या आहेत. आज हा मुलूख तुर्कस्तानांत मोडतो. प्राचीन ग्रीक लोक त्याला लिशिया म्हणत. तेथील मूळचे रहिवासी मात्र स्वतःला 'त्रम्मिली' म्हणवीत असत. या किनाऱ्यानें पश्चिमेकडून पूर्वेकडे आज आपण एक जलप्रवास करूं. प्रवास मनानेंच करावयाचा असल्यामुळें भाड्याची चिंता नाहीं आणि समुद्र लागण्याचें भयहि नाहीं.

परंतु नुसत्या पडक्या भिंती मोजण्यासाठीं मी आपणांस इतक्या दूर नेत नाहीं. लिशियाचे लोक संख्येनें थोडे होते. त्यांच्या सभोंवार इराण, अथेन्स, मॅसिडोनिया, ऱ्होड्स आणि शेवटीं रोम अशा प्रबळ सत्ता एकामागून एक उभ्या राहिल्या. अशा स्थितींत लहान लोकसमाजानें आपलें स्वातंत्र्य कसें राखावें, हा प्रश्न त्यांना पिढ्यान् पिढ्या सोडवावा लागला. त्याला त्यांनीं दोन उत्तरें दिलीं. एक अग्नीनें दिलें, दुसरें मतमोजणीनें. दोन्ही उत्तरांच्या खुणा या किनाऱ्यावर अजून उभ्या आहेत.

हा देश समुद्रावरूनच पाहिला पाहिजे असें म्हणण्यास कारण आहे. चुनखडीचे उभे कडे, त्यांत मधून मधून एखाद्या नदीनें कोरलेलें खोरें, आणि प्रत्येक खोऱ्यांत एखादें नगर, अशी येथील रचना. एका खोऱ्यांतून दुसऱ्यांत जमिनीवरून जावयाचें म्हणजे घाट चढण्या-उतरण्यांत दिवस मोडत. पाण्यावरून तेंच अंतर अनुकूल वाऱ्यानें कांहीं घटकांत तुटे. डोंगरांनीं हीं नगरें तोडलीं आणि समुद्रानें तीं जोडलीं. उन्हाळ्यांत येथें वायव्येचा वारा वाहतो; पूर्वेस जाणाऱ्या गलबताला तो पाठीशीं मिळतो. पश्चिमेस जाणारीं जहाजें मात्र किनारा धरून, पश्चिमवाहिनी प्रवाहाचा आणि रात्रीं जमिनीवरून सुटणाऱ्या मतलई वाऱ्याचा फायदा घेत हळूहळू सरकत. त्यामुळें येथील प्रत्येक आडोसा खलाशांना तोंडपाठ असावा लागे.

१८११ सालीं इंग्रजी आरमाराचा कप्तान फ्रान्सिस बोफोर्ट या पाण्यांत आला. वाऱ्याचा जोर मोजण्याचें त्याच्या नांवाचें कोष्टक आजहि दर्यावर्दी लोकांच्या वापरांत आहे. त्याला नेमून दिलेलें काम होतें तें किनाऱ्याचा नकाशा काढण्याचें व पाण्याची खोली मोजण्याचें. पण वळणावळणाला नाट्यगृहें, तट, थडगीं आणि शिलालेख दृष्टीस पडूं लागले, तेव्हां खोली मोजणाऱ्याच्या वहींत इतिहास शिरला. पुढच्याच वर्षीं, आणखी पूर्वेस, एका हल्ल्यांत तो जखमी झाला आणि मोहीम थांबली. तथापि १८१७ सालीं त्यानें प्रसिद्ध केलेल्या 'कॅरमेनिया' या ग्रंथामुळें हा विसरलेला किनारा युरोपला पुन्हां ठाऊक झाला.

आपलें गलबत फेतियेच्या आखातांतून निघतें. येथेंच प्राचीन तेल्मेसॉस नगर होतें. गांवामागच्या कड्याकडे पाहिलें तर उंचावर कोणीं घरेंच खडकांत बसविलीं आहेत कीं काय, असा भास होतो. तीं थडगीं आहेत. तुळया, वाशांचीं टोकें, दारांच्या चौकटी असें सुताराचें काम पाथरवटानें दगडांत उतरविलें आहे. जिवंत माणसांचीं लांकडी घरें केव्हांच नाहींशीं झालीं. मेलेल्यांचीं दगडी घरें तेवढीं राहिलीं, आणि त्यांच्यावरूनच आज आपणांस पहिल्यांची कल्पना करावी लागते. लिशियांतील अशा अनेक थडग्यांवर तेथील भाषेंत लेख कोरलेले आहेत. ही भाषा आर्यभाषांच्या विशाल कुळाच्या अनातोलियन शाखेंतील, म्हणजे संस्कृतची व तिच्यामार्फत आपल्या मराठीची दूरची नातलग होय. घोड्याला त्या भाषेंत 'एस्बे' म्हणत. आपल्या 'अश्व' शब्दाशीं त्याचें नातें आहे. या लोकांविषयीं हिरोडोटसनें एक नवलाची गोष्ट नमूद केली आहे: कोणी कुळ विचारलें, तर लिशियाचा माणूस बापाचें नांव न सांगतां आईचें व आईच्या आईचें नांव सांगे.

तेल्मेसॉसच्या दक्षिणेस, तुर्की लोक ज्याला 'सात भूशिरें' म्हणतात तो अवघड टप्पा ओलांडला कीं, वाळूची लांबच लांब पट्टी लागते. येथें झॅन्थॉस नदी समुद्राला मिळते, आणि थोडें वर, नदीकांठच्या टेकडीवर, त्याच नांवाच्या नगराचे अवशेष आहेत. होमरच्या 'इलियड' काव्यांतील वीर सार्पेडॉन याच नदीच्या कांठचा. इ. स. पू. ५४० च्या सुमारास इराणी सम्राट कायरस याचा सेनापति हार्पागस फौज घेऊन या खोऱ्यांत उतरला. झॅन्थॉसचे थोडेसे लोक मैदानांत त्या प्रचंड फौजेशीं लढले. पराभव होऊन नगरांत कोंडले गेले, तेव्हां त्यांनीं आपल्या बायका, मुलें, गुलाम आणि सारी चीजवस्त बालेकिल्ल्यांत एकत्र केली व बालेकिल्ल्याला आग लावली. नंतर भयंकर शपथा घेऊन ते बाहेर पडले आणि लढतां लढतां एकूणएक मारले गेले. त्या वेळीं परगांवीं गेलेलीं ऐंशीं कुटुंबें तेवढीं वांचलीं, असें हिरोडोटस सांगतो.

हें लिशियाचें पहिलें उत्तर. राजपुतान्यांतील जोहाराच्या कथा ज्यांनीं वाचल्या आहेत, त्यांना तें परकें वाटणार नाहीं.

नगर पुन्हां वसलें. एवढेंच नव्हे, तर पुढील दोन शतकांत तेथें शिल्पकलेचे अप्रतिम नमुने निर्माण झाले. १८३८ सालीं चार्ल्स फेलोज हा इंग्रज प्रवासी तेथें पोहोंचला आणि १८४२ सालीं त्यानें त्यांतील उत्तमोत्तम शिल्पें पेट्यांत भरून इंग्लंडला रवाना केलीं. त्यांपैकीं 'निरीड स्मारक' हें आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्यें उभें आहे. झॅन्थॉसचें वैभव पाहावयाचें तर आज दोन देश फिरावे लागतात.

झॅन्थॉसच्या जवळच, नदीच्या दुसऱ्या तीरावर, लेतोऑन हें लेटो देवीचें क्षेत्र आहे. तहानलेल्या देवीला पाणी पिऊं न देणाऱ्या गांवकऱ्यांचे तिनें बेडूक केले, अशी एक जुनी कथा आहे. आणि देवळांच्या पायांशीं आज भूगर्भांतलें पाणी सांचून त्यांत बेडूक खरोखरच ओरडत असतात. येथें १९७३ सालीं फ्रेंच संशोधकांना इ. स. पू. चौथ्या शतकांतील एक शिळा सांपडली. तिच्यावर एकच मजकूर लिशियन, ग्रीक आणि अरामी अशा तीन भाषांत आहे. विषय साधा: एका नव्या देवाची स्थापना, पुजाऱ्याची नेमणूक, त्याचें वर्षासन. पण त्या शिळेमुळें लिशियन भाषेचीं कित्येक कोडीं सुटलीं. हें क्षेत्र कोणा एका नगराचें नव्हतें. सर्व लिशियाचें तें समाईक देवस्थान होतें, आणि लिशियाच्या दुसऱ्या उत्तराचें बीज अशा समाईक ठिकाणींच रुजलें.

आतां वाळूची पट्टी डावीकडे ठेवून थोडें पुढें जाऊं. येथें पातारा नगर होतें. झॅन्थॉसच्या खोऱ्याचें हें बंदर. आज त्या बंदराची पाणथळ दलदल झाली आहे. नदीच्या गाळानें आणि वाऱ्यानें उडालेल्या वाळूनें त्याचें तोंड बुजलें. सम्राट नीरो याच्या कारकीर्दींत, इ. स. ६४-६५ च्या सुमारास, खलाशांच्या सुरक्षिततेसाठीं बांधलेला दीपस्तंभ वाळूखालून उकरून काढावा लागला. परंतु पातारांतील सर्वांत महत्त्वाची इमारत म्हणजे तेथील सभागृह. अर्धवर्तुळाकार दगडी पायऱ्यांचें हें सभागृह तुर्कस्तानच्या राष्ट्रसभेच्या पुढाकारानें अलीकडे दुरुस्त करण्यांत आलें, हें अगदीं उचित झालें. कारण या पायऱ्यांवर लिशियन संघाचे प्रतिनिधि बसत असत.

हा संघ काय होता? इ. स. पू. १८८ मध्यें रोमनें लिशिया ऱ्होड्सच्या ताब्यांत दिला होता; वीस वर्षें झगडून, इ. स. पू. १६७ च्या सुमारास लिशियानें त्या अमलांतून सुटका करून घेतली आणि त्याचा संघ भरभराटीस आला. स्ट्रेबो या भूगोलकारानें त्याची घटना वर्णिली आहे. तेवीस नगरांना मताचा अधिकार होता. मोठ्या नगरांना प्रत्येकीं तीन मतें, मध्यम नगरांना दोन, लहानांना एक. झॅन्थॉस, पातारा, पिनारा, ऑलिम्पस, मायरा आणि त्लोस हीं सहा नगरें सर्वांत मोठीं. यांतील मर्म असें कीं, ज्या प्रमाणांत मतें त्याच प्रमाणांत कराचा भार. तीन मतें हवीं असतील तर तिप्पट बोजा उचलला पाहिजे. सभा आधीं संघाचा अध्यक्ष निवडी, मग इतर अधिकारी. न्यायाधीशहि याच प्रमाणांत नेमले जात. आपल्या राज्यसभेंत महाराष्ट्राला १९ जागा आणि गोव्याला १ जागा आहे. लहानाला अगदीं वगळावयाचें नाहीं, पण मोठ्याला लहानाएवढेंच लेखावयाचें नाहीं, हा विचार दोहींकडे एकच आहे.

स्ट्रेबो आणखी एक गोष्ट सांगतो. शेजारच्या पँफिलिया व सिलिशिया या प्रांतांतील लोकांनीं आपलीं बंदरें चांचेगिरीला वापरलीं. लिशियाचा किनारा तितकाच अडचणीचा व चांचांच्या सोयीचा असूनहि हे लोक त्या लोभांत पडले नाहींत. एकमेकांना जबाबदार असलेलीं नगरें एकमेकांना थोडीबहुत सन्मार्गावर ठेवतात, असा याचा अर्थ आपण घेऊं या.

आणि तरीहि पहिलें उत्तर संपलें नव्हतें. इ. स. पू. ४२ मध्यें, ज्यूलियस सीझरचा वध करणारा ब्रूटस युद्धासाठीं पैसा व माणसें गोळा करीत लिशियांत आला. झॅन्थॉसनें दरवाजे बंद केले. वेढा पडला, शत्रु आंत शिरला, आणि पांच शतकांपूर्वींप्रमाणेंच नगराच्या लोकांनीं स्वतःच्या घरांना आगी लावल्या. प्लूटार्क सांगतो कीं, तें दृश्य पाहून ब्रूटसच्या डोळ्यांना पाणी आलें. जो सैनिक एका लिशियन माणसाचा जीव वांचवील त्याला त्यानें बक्षीस लाविलें. आणि असे वांचले ते अवघे दीडशें. नंतर ब्रूटस पाताराकडे वळला. पाताराच्या ज्या स्त्रिया त्याच्या हातीं सांपडल्या होत्या त्यांना त्यानें खंडणी न घेतां सोडून दिलें. त्यांनीं घरीं जाऊन आपल्या पित्यांना व पतींना समजाविलें, आणि पातारानें दरवाजे उघडले.

श्रोतेहो, यांतील कोणतें नगर अधिक स्वातंत्र्यप्रिय? घरांत सुरक्षित बसून बोलणाऱ्या मला झॅन्थॉसला नांवें ठेवण्याचा अधिकार नाहीं. पण एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. झॅन्थॉसचीं जीं मुलें त्या आगींत गेलीं, त्यांना कोणीं विचारलें नव्हतें. सभेंत मत मोजलें जातें. आगींत मोजलें जात नाहीं.

पातारा मागें टाकून पुढें आलों कीं, काश या टुमदार बंदराच्या अलीकडे-पलीकडे खडकाळ भूशिरें लागतात. त्यांतील उलुबुरुन भूशिराजवळ, इ. स. पू. चौदाव्या शतकाच्या अखेरीस, एक व्यापारी जहाज बुडालें. १९८२ सालीं स्पंज काढणाऱ्या एका पाणबुड्याला तें दिसलें, आणि १९८४ पासून १९९४ पर्यंत संशोधकांनीं बावीस हजारांहून अधिक बुड्या मारून त्यांतील माल वर काढला. सुमारे दहा टन तांबें आणि एक टन कथील. निळ्या कांचेचे गोळे. हस्तिदंत, आबनूस, दूरच्या बाल्टिक किनाऱ्यावरील अंबर. मिसरची राणी नेफर्टिटी हिच्या नांवाची सोन्याची मुद्रा. हा सगळा संसार आज बोद्रुमच्या संग्रहालयांत आहे. दहा भाग तांबें आणि एक भाग कथील हें कांसें ओतण्याचें प्रमाण आहे. दोन्ही धातु एकटे असतां मऊ; एकत्र आले म्हणजे त्यांची तलवार होते. लिशियाचा संघ निर्माण होण्यापूर्वीं हजाराहून अधिक वर्षें त्याच्याच किनाऱ्यावर हा धडा समुद्रतळाशीं पडून होता.

आणखी पूर्वेस केकोवा बेट आहे. त्याच्या उत्तर कांठाला जमीन खचून घरें पाण्याखालीं गेलीं आहेत. नितळ पाण्यांतून खालीं उतरत जाणाऱ्या पायऱ्या दिसतात आणि मग दिसेनाशा होतात. समोरच्या मुख्य भूमीवर सिमेना हें लहानसें गांव. त्याच्या कांठाला एक दगडी शवपेटी गुडघाभर पाण्यांत उभी आहे. हा प्रदेश भूकंपाचा. इ. स. १४१ च्या सुमारास मोठा धक्का बसून लिशियांतील अनेक नगरें कोसळलीं. त्या वेळीं ऱ्होडिआपोलिस नगराचा ओप्रामोआस नांवाचा धनाढ्य गृहस्थ पुढें आला आणि त्यानें केवळ आपल्या गांवाला नव्हे, तर संघांतील पुष्कळ नगरांना नाट्यगृहें, स्नानगृहें व देवळें पुन्हां उभारण्यासाठीं पैसा दिला. त्याच्या स्मारकाच्या भिंतींवर या देणग्यांची लांबलचक यादी कोरलेली आहे. स्वातंत्र्य रोमकडे गेल्याला तेव्हां शंभर वर्षें होत आलीं होतीं. शेजारधर्म मात्र शिल्लक होता.

यानंतर मायरा आणि त्याचें बंदर आंद्रिआके. ख्रिस्ती धर्माचा प्रचारक पॉल याला कैदी म्हणून रोमला नेत असतां येथेंच अलेक्झांड्रियाच्या जहाजावर चढविलें, असें बायबलांत सांगितलें आहे. मिसरचें धान्य रोमला नेणारीं जहाजें समोरच्या वाऱ्यामुळें या किनाऱ्याला लागत, म्हणूनच सम्राट हेड्रिअनच्या काळचें प्रचंड धान्यकोठार येथें अजून उभें आहे. चौथ्या शतकांतील मायराचे बिशप निकोलस हेच पुढें नाताळच्या सांताक्लॉजचें मूळ ठरले.

गेलिडोनिया भूशिराला वळसा घालून गलबत उत्तरेकडे वळतें. उजवीकडे मोकळा समुद्र, डावीकडे साडेसात हजार फुटांहून उंच असें ताहताली शिखर. त्याच्या दक्षिणेस एका ओढ्याच्या मुखाशीं, झाडींत दडलेलें ऑलिम्पस नगर आहे. संघांत याला तीन मतें होतीं. परंतु पुढें झेनिकेटीस नांवाच्या चांचांच्या नायकानें तें बळकाविलें. इ. स. पू. ७७ च्या सुमारास रोमन सेनापति सर्व्हिलियस चालून आला, तेव्हां झेनिकेटीसनेंहि सहकुटुंब स्वतःला जाळून घेतलें. म्हणजे झॅन्थॉसच्या शूरांनीं जें केलें तेंच एका दरोडेखोरानेंहि केलें! आत्मदहनानें निर्धार सिद्ध होतो. पक्ष न्याय्य होता हें त्यानें सिद्ध होत नाहीं. नगरामागच्या डोंगरावर भूगर्भांतून निघणाऱ्या वायूच्या ज्वाला शतकानुशतकें जळत आहेत. किमेरा राक्षसीची कथा ग्रीकांना तेथेंच सुचली, असें मानतात. बोफोर्टनें त्या ज्वाला पाहिल्या होत्या. आजहि त्या विझलेल्या नाहींत.

आपला शेवटचा मुक्काम फॅसेलिस. तीन बंदरांचें हें नगर ऱ्होड्सच्या लोकांनीं एका मेंढपाळाला खारवलेले मासे देऊन विकत घेतलें अशी आख्यायिका आहे. स्ट्रेबोच्या काळीं तें संघाबाहेर होतें. इ. स. पू. ३३४-३३३ च्या हिंवाळ्यांत अलेक्झांडर येथें राहिला. लिशिया घेतल्यावर त्यानें आपला मित्र निआर्कस याला तेथील सुभेदार नेमलें. हाच निआर्कस पुढें इ. स. पू. ३२५ मध्यें सिंधु नदीच्या मुखापासून इराणी आखातापर्यंत आरमार घेऊन गेला. आपल्या उपखंडाच्या पश्चिम सागरावरचा तो प्रसिद्ध प्रवास करणारा मनुष्य आधीं या किनाऱ्याचा कारभार पाहून आलेला होता.

संघाचा शेवट काय झाला, हें सांगितलें पाहिजे. रोमचा हात वर असल्यामुळें युद्ध व तह यांविषयीं स्वतंत्र निर्णय घेण्याचा त्याचा अधिकार आधींच गेला होता. पुढें आपापसांत कलह माजले, आणि तेंच कारण दाखवून इ. स. ४३ मध्यें सम्राट क्लॉडियसनें लिशियाचा रोमन प्रांत केला. ऐक्याला सुद्धां रोज राखावें लागतें. एकदां दगडावर कोरून तें टिकत नाहीं. तथापि सभा भरत राहिली, आणि तिची आठवण टिकली. १७४८ सालीं फ्रेंच तत्त्वज्ञ माँतेस्किय यानें उत्तम संघराज्याचा नमुना म्हणून लिशियाचें नांव घेतलें. १७८७ सालीं अमेरिकेच्या नव्या राज्यघटनेवर वाद चालू असतां अलेक्झांडर हॅमिल्टन यानें त्याच लिशियाचा दाखला दिला. तेवीस नगरांची ती सभा अठराशें वर्षांनीं दुसऱ्या खंडांत साक्षीला उभी राहिली.

या संघाचीं नाणीं आज अनेक संग्रहालयांत पाहावयास मिळतात. एका बाजूस अपोलो देवाचें मस्तक. दुसऱ्या बाजूस त्याची वीणा. वीणेच्या वर सर्व लिशियाचें नांव, आणि खालीं, बारीक अक्षरांत, ज्या नगरानें तें नाणें पाडलें त्याच्या नांवाचीं आद्याक्षरें. दोन्ही नांवें एवढ्याशा चांदीवर मावलीं. हें नाणें तळहातावर घेऊन लिशियाचा व्यापारी तेल्मेसॉसपासून मायरापर्यंत कोठल्याहि बंदरांत उतरे, तेव्हां आपण कोणत्या गांवचे हें त्याला विसरावें लागत नव्हतें, आणि समोरच्या गांवांत तो परकाहि ठरत नव्हता.